पायाला घाई

दसऱ्याच्या सकाळी अण्णा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "पायाला घाई हाय तुझ्या." आणि खुर्चीत मागे टेकून पुन्हा गल्लीकडे बघायला लागले. तेव्हा मी आमच्या जुन्या फार्गो ट्रकच्या केबिनमध्ये बसले होते, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात सकाळी फिरायला जाते ते बूट. बॉनेटवर झेंडूची माळ, दोन्ही हेडलाइटच्या मधोमध हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. इंजिन दुसऱ्या सेल्फला चालू झालं होतं, छान एका लयीत गुरगुरत होतं. मुद्दा फक्त गाडी शेडमधून बाहेर अंगणात आणायचा होता. आमची शेड आता गल्लीपेक्षा दीड हात खाली आहे. शेड खचलेली नाही, गल्ली वर आली. डांबरावर खडी, खडीवर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक, असे थर चढत गेले आणि आम्ही दरवेळी दारात सिमेंटचा एक उतार वाढवत गेलो. म्हणजे गाडी बाहेर काढायची तर आता चढ चढवावा लागतो. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडता सोडता ॲक्सिलरेटर दाबला, आणि इंजिनाने ठसका खाल्ला. आधी एकदम गप्प झालं, मग हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून फटकन आवाज, गाडी दोनदा उचकी लागल्यासारखी पुढेमागे झाली आणि बंद. शेजारची पोरं नारळ फोडायची वाट बघत उभी होती, ती फिदीफिदी हसली. तीनदा तसंच झालं. शेवटी पूजा अर्धी आत, अर्धी बाहेर अशीच उरकली.

मला राग गाडीचा आला नाही, त्या वाक्याचा आला.

सत्तावन्न वर्षांची बाई मी, आणि घाईबद्दल बोलणी खात मोठी झाले. सांडलेलं दूध, सुटलेली बटणं, गणितात गाळलेल्या पायऱ्या, सगळ्याचं कारण घरात एकच सांगितलं जायचं. पुढे तेहतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब लिहिले. कळव्यात राहणाऱ्याला घाईचं कौतुक सांगायला नको. इथे लोकल थांबते, माणूस चढेलच असं नाही. प्लॅटफॉर्मवर गाडी पूर्ण थांबायच्या आत एक पाय आत आणि दांडीवर हात, हे ज्याला जमलं त्याची नोकरी टिकली. तेव्हा माझ्या पायाला घाई आहे हे मान्यच. पण इंजिन अडखळलं त्यात माझ्या पायाचा काय दोष? पाय दाबला की गाडीने पळावं, त्यासाठीच तर ते पेडल दिलंय. हा वाद मी मनातल्या मनात आपटा वाटताना घातला, रात्री भांडी लावताना घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ठरवलं, की दोष शोधायचा. गाडीत आहे हे दाखवून द्यायचं.

ही गाडी अण्णांनी १९६६ साली जुनी घेतली. पेट्रोलची, सहा सिलिंडरची, लांब नाकाची. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कारखान्यात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या या गाड्या जुळायच्या. फार्गो आणि डॉज या सख्ख्या बहिणी, नाकावरचा पत्रा तेवढा वेगळा. रेतीबंदरावरून रेती भरायची आणि मुंबईत बांधकामावर ओतायची, हा तिचा धंदा. मी पाचेक वर्षांची असताना पेट्रोलचे भाव असे चढले की पेट्रोलवर रेती ओढणं म्हणजे घरचं सोनं मोडून चुलीत घालणं झालं. बहुतेकांनी जुनं इंजिन उतरवून पर्किन्सचं डिझेल बसवून घेतलं. अण्णांनी डिझेलची दुसरी गाडी घेतली आणि हिला हात लावला नाही. का, ते कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, "सवत हाय ती माझी." त्यानंतर फार्गोला वर्षातून मोजकी कामं उरली. गावातला गणपती खाडीवर न्यायचा, एखाद्या हळदीचं वऱ्हाड आणायचं. विसर्जनाला ती पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालायची, मागे बेंजो, हौद्यात मूर्तीशेजारी आम्ही पोरं. तापलेल्या इंजिनाचा, गुलालाचा आणि भिजलेल्या ताडपत्रीचा मिळून जो वास यायचा तो मला अजून चालतो, परफ्यूम म्हणून सुद्धा. पुढे कागदपत्रं संपली, रस्त्यावर जाणं बंद झालं. रेतीबंदरावरची रेतीही गेली, खारेगावची शेतं गेली, जिथून पारसिकचा डोंगर अख्खा दिसायचा तिथून आता त्याचा एक कोपरा दिसतो, दोन टॉवरच्या फटीतून.

पुण्याचा दादा दर दिवाळीला एकदा विषय काढतो. एकदा म्हणाला, विकायची नसेल तर निदान व्हिंटेज म्हणून रीतसर नोंदव. मी उत्साहाने शोधलं. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, फी वीस हजार. पण ते दुचाक्यांना आणि माणसं नेणाऱ्या मोटारींना. माल वाहणाऱ्या ट्रकला नाही. राजेसाहेबांची गाडी साठ वर्षांची झाली की वारसा, आणि त्यांच्या वाड्याची रेती ज्या गाडीने वाहिली ती साठ वर्षांची झाली की भंगार. मी हे अण्णांना तावातावाने सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय ना. हमालाला कोण पगडी घालतो?"

तर दोष. पहिल्यांदा मिस्त्री आला. भला माणूस, पण हयात डिझेलवर गेलेली. त्याला कार्बोरेटर दाखवणं म्हणजे हल्लीच्या पोराला मनिऑर्डरचा फॉर्म दाखवणं. "ताई, पिकअप घेत नाही म्हणजे मिसिंग आहे," म्हणाला. मग प्लग बदलले. मग पॉइंट घासून त्यांच्यातली फट फिलर गेजने वीस थाऊला, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशांना, लावली, कंडेन्सर बदलला. मग टाकीत कचरा असणार म्हणून टाकी उतरवली, तिच्यातून खरंच वाटीभर गंज आणि एक मेलेलं झुरळ निघालं, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास वाढला. वायरी पुन्हा लावताना मात्र तो थबकला आणि मी मागून म्हणाले, "एक-पाच-तीन-सहा-दोन-चार." सहा सिलिंडर एका रांगेत असले की बहुतेक इंजिनं याच क्रमाने पेटतात. हा क्रम अण्णांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला होता. हौद्यावर बसून पाय हलवत मी तो म्हणायची, परकर-पोलक्यातली, शेंबूड पुसत. मिस्त्रीने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. गाडी चालू झाली, आधीपेक्षा गोड चालली. मी ॲक्सिलरेटर दाबला. ठसका. फट. बंद. मिस्त्री म्हणाला, "आता इंजिनच खोलावं लागेल." मी त्याचे पैसे दिले आणि त्याला चहा दिला. इंजिन खोलू दिलं नाही.

नंतर मी शेडमध्ये एकटीच बसले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते: ताळेबंद जुळला नाही की सगळ्या वह्या नव्याने लिहीत बसायचं नाही, फरक कुठल्या तारखेपासून पडतोय ते आधी बघायचं. इथे फरक कधी पडत होता? जागेवर इंजिन उत्तम. हळूहळू वेग वाढवला तरी उत्तम. वर गेल्यावर तिथे धरून ठेवलं, उत्तम. फक्त पाय पटकन दाबला की त्या एका क्षणात अडखळणं. म्हणजे प्लग नाही, टाकी नाही, मोठा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं मुख्य भोक, तोही नाही. मग मी चोकची कळ अर्धी ओढून पाहिली आणि पाय दाबला. ठसका जवळपास गेला! चोक म्हणजे हवा कोंडणं. हवा कोंडल्यावर सुधारतंय म्हणजे त्या क्षणाला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त घुसतेय. हवा कुठून घुसेल म्हणून मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर, थंड इंजिन चालू करून, पिचकारीने थोडं थोडं रॉकेल मारलं. गळती असती तर रॉकेल आत ओढलं जाऊन इंजिनाचा सूर बदलला असता. बदलला नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एक बारीक नळी जाते, इंजिनाच्या ओढीवर ठिणगी पुढे-मागे करणारी. तिच्या टोकाशी असलेला पडदा फाटला तरी गाडी अशीच वागते. ती नळी काढून मी तोंडाने ओढून जिभेने बंद करून धरली. पडदा धडधाकट होता, जीभ तिथेच चिकटून राहिली. तोंडात जुन्या रबराची आणि पेट्रोलची चव घेऊन मी उभी, आणि नेमक्या त्या वेळी समोरच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या.

हवा हलकी असते, पेट्रोल जड. सगळा घोळ एवढ्यात आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पाय दाबला की झडप उघडते, हवा लगेच आत धावते, पण पेट्रोलला जेटमधून वर यायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात नुसतीच हवा, मिश्रण पातळ, म्हणून ठसका. ज्यांनी कार्बोरेटर बनवला त्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यात एक छोटा पंप दिलेला असतो, पेडलशीच जोडलेला. पाय दाबला की तो पिचकारीसारखी पेट्रोलची एक चिळकांडी आत मारतो आणि मोठी वाट चालू होईपर्यंतची फट भरून काढतो. मी इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर उतरवला, कार्बोरेटरच्या नरड्यात टॉर्च मारला आणि हाताने दांडी ओढली. चिळकांडी यायला हवी होती. काही नाही. अर्ध्याहून पुढे गेल्यावर दोन थेंब, तेही नाइलाजाने आल्यासारखे.

पंप खोलला तेव्हा मला हसूच आलं. पितळी दांडी आणि तिच्या टोकाला कातड्याची वाटी. हा तर स्टोचा पंप! आमच्या स्वयंपाकघरात रॉकेलचा पितळी स्टो होता आणि त्याच्या पंपाला अगदी असंच वायसर. उन्हाळ्यात ते सुकायचं, आकसायचं, पंप मारला की नुसता फसफस, हवा भरलीच जायची नाही. आई मग न चिडता दांडी उपसायची, वायसर खोबरेल तेलात बुडवायची आणि अंगठ्याने त्याच्या कडा बाहेर पसरवायची, पुरीची पारी वाटीसारखी करावी तशी. गल्लीतून "स्टो रिपेर" ओरडत जाणाऱ्या माणसाला तिने त्यासाठी कधी थांबवलं नाही. या गाडीच्या पोटात इतकी वर्षं तिच्या स्टोचाच तुकडा बसला होता आणि ती हिला सवत म्हणत होती. फार्गोचं वायसर तर सुकटासारखं झालेलं, कडक, काळपट, कडेला चिरलेलं. वर्षातून दोनदा चालणाऱ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि कातडं कोरडं पडतं. त्यात आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आधीच थोडं पातळ होतं. म्हणजे तहानलेल्याच्या पेल्यात आणखी पाणी कमी.

इथवर मी जिंकत होते.

मग पंपाच्या जोडाकडे लक्ष गेलं. पंपाची दांडी ज्या पट्टीला अडकते तिला तीन भोकं असतात. एका भोकात अडकवली तर पंपाची धाव लांब, थंडीसाठी, जास्त पेट्रोल. दुसऱ्या टोकाच्या भोकात धाव आखूड, कडक उन्हाळ्यासाठी, कमीत कमी पेट्रोल. मधलं मधलं. आमची दांडी आखूड भोकात होती. मी टॉर्च जवळ नेला. दुसरी दोन भोकं कारखान्यातून आली तशी गोल, कड धारदार. आणि हे तिसरं घासून घासून लांबट झालेलं, पळीतल्या मसुराएवढं. एका पावसाळ्यात असं होत नाही. गाडी जोवर धंद्यावर होती तोवर ती याच भोकावर चालली होती. हे कोणा मिस्त्रीने चुकून केलेलं नव्हतं. पेट्रोल वाचवायला अण्णांनी ठरवून, बहुधा गाडी घेतली त्याच वर्षी, तिची चिळकांडी कमीत कमी करून ठेवली होती. म्हणजे ही गाडी तेव्हाही ठसकली असती. रेतीने भरलेली, मुंब्र्याच्या चढाला, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग, तेव्हाही. ठसकली नाही, कारण तिच्या पेडलवर तो पाय होता.

मला तो पाय आठवला. ते गाडीत चढले की आधी चपला काढून सीटखाली सरकवायचे. अनवाणी. टाच फळीवर रोवलेली, पेडलवर नुसता चवडा, आणि तो चवडा इतका सावकाश खाली जायचा की मधल्या सीटवर बसून मी तो हललेला कधी पाहिलाच नाही. इंजिनाचा आवाज मात्र चढत जायचा. मला वाटायचं गाडी आपली आपण पळते. पंप जेवढं देत नव्हता तेवढं ते थांबून घेत होते. दर वेळी, दर गिअरला, एका खेपेत किती वेळा देव जाणे. आणि त्या वाचलेल्या पेट्रोलचे पैसे साठून पुढे कुठे गेले तेही मला ठाऊक होतं. माझी फी, दादाचं पुण्याचं वसतिगृह. खरं तर हे वाक्य मी लिहिणार नव्हते. शेडमध्ये हे सुचलं तेव्हा डोळे भरून आले वगैरे काही झालं नाही. उलट चिडचिड झाली. माणूस एवढं सगळं करतो तर बोलत का नाही? "बाय, पंप आखूड ठेवलाय, जरा दमाने दाब," एवढं सांगितलं असतं तर मिस्त्रीचे साडेचार हजार वाचले असते. त्याऐवजी काय, तर पायाला घाई.

जांभळी नाक्याच्या बाजारात स्टोचं सामान विकणारं एक दुकान अजून तग धरून आहे. मी वायसर मागितलं तेव्हा त्या माणसाने चष्म्यावरून बघून विचारलं, "घरात स्टो चालवता अजून?" मी ट्रक म्हटल्यावर त्याने काउंटरवर वेगवेगळ्या मापाची आठ-दहा वायसरं ओतली आणि माझ्यापेक्षा जास्त रस घेऊन जुन्याशी ताडून बघत बसला. सर्वांत जवळचं होतं त्याची कड त्यानेच ब्लेडने कातरून दिली. पैसे घेतले वीस रुपये. घरी येऊन ते रात्रभर तेलात ठेवलं. पंपाच्या तळाशी एक छोटा छर्रा असतो, पेट्रोल उलटं जाऊ नये म्हणून. तो चिकटला होता, पेट्रोलने धुऊन मोकळा केला. चिळकांडीचं भोक वायरच्या तांब्याच्या एका तंतूने साफ केलं. आणि दांडी, बऱ्याच विचाराने, मधल्या भोकात लावली. नवी कॉटर पिन घातली. नरड्यात टॉर्च मारून दांडी ओढली आणि सुईसारखी सरळ, चकचकीत चिळकांडी निघाली, लगेच, हाताबरोबर. मग केबिनमध्ये चढून, तेच बूट घालून, मुद्दाम, पाय खाडकन दाबला. गाडीने ठसका खाल्ला नाही. एकदम ओरडली आणि शेडच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली.

अण्णांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी म्हटलं, "बाहेर काढता का जरा? मला चढावर भीती वाटते." पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, भाच्याने आणि मी मिळून खांदा दिला तेव्हा चढले. दाराला धरून थोडा दम घेतला. चपला काढल्या आणि न बघता सीटखाली सरकवल्या. क्लच जड, तो त्यांनी पायाने नव्हे, कमरेने दाबला. मी शेजारी बसले होते आणि या वेळी ठरवून त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होते. नखं पिवळी पडलेली, घोट्याजवळ सूज. चवडा पेडलवर टेकला. मग इंजिनाचा आवाज चढू लागला, मी नजर रोखून बसले होते तरी पाय हलताना मला दिसला नाही. फार्गो सिमेंटच्या उतारावर आली, नाक वर झालं, एक धक्का नाही, एक उचकी नाही, आणि गल्लीत येऊन उभी राहिली. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला. इंजिन ऐकत थोडा वेळ बसले.

"काय रिपेर केलास गो हिचा?" त्यांनी विचारलं. "ही तं अशीच चालायची."

मी पदराच्या गाठीतून जुनं वायसर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, बोटांनी दाबून पाहिलं, कडेची चीर अंगठ्याने चाचपली. मग शर्टाच्या खिशात टाकलं.

"तेलान टाकला तं होल नीट," ते म्हणाले. "उगाच नवीन आणलास."